95 टक्के अचूक म्हणजे नेमकं किती?

मशीन लर्निंगचं मॉडेल, म्हणजे आधीच्या माहितीवरून शिकलेला संगणक, रेणूच्या रचनेवरून औषधाची विषारकता 95 टक्के अचूक ओळखतं, म्हणून प्राण्यांवरच्या चाचण्या लवकरच थांबतील, असं एका लेखात वाचलं. त्या थांबाव्यात असं मलाही मनापासून वाटतं. पण शंभर संयुगांपैकी पाचच विषारी असतील, तर सगळ्यांना 'सुरक्षित' म्हणणारं मॉडेलही 95 टक्के अचूक ठरतं! संगणकाने विषारकता ओळखण्याच्या, अमेरिकेतल्या 2014च्या टॉक्स21 स्पर्धेत 12 प्रयोगशाळा चाचण्यांची माहिती दिली होती, तिथेही बहुतेक संयुगं निष्क्रियच होती, म्हणजे त्या चाचण्यांत त्यांचा परिणाम दिसला नव्हता. किती विषारी रेणू निसटले, ते आधी सांगा.

टर्फेनाडिनचं उदाहरण घ्या. ॲलर्जीवरचं हे औषध हृदयाच्या पेशींमधली हर्ग ही पोटॅशियम वाहिनी, म्हणजे हृदयाची लय राखायला मदत करणारी पोटॅशियमची वाट, अडवतं. एरवी यकृत त्याचं झपाट्याने फेक्सोफेनाडिन या हृदयाला सुरक्षित रूपात रूपांतर करून टाकतं, त्यामुळे धोका सहसा दिसत नसे. सोबत बुरशीवरचं केटोकोनाझोल घेतलं की हे रूपांतर अडायचं, मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाची लय जिवावर बेतेल इतकी बिघडायची. 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ते बाजारातून गेलं. फेक्सोफेनाडिन मात्र ॲलर्जीवरचं औषध म्हणून आजही आपल्याकडे सर्रास मिळतं.

एखादा रेणू हर्ग अडवेल का, हे आजची मॉडेल्स बऱ्यापैकी सांगतात आणि ते खरोखर मोठं काम आहे. पण पेशंट सोबत आणखी कोणती गोळी घेतोय, हे रेणूच्या रचनेत कुठे लिहिलेलं असतं?

आणखी एक: मॉडेल तपासताना, ते ज्यांवरून शिकलं त्यांच्यापेक्षा अगदी वेगळ्या रचनेची संयुगं वापरली होती का? लेखकांनी हे जरूर सांगावं.