हिरव्या चौकटीतले ‘सहा उसूल’ आणि लाल गोल

‘सोशल मीडियासाठी इस्लामचे सहा उसूल’ (म्हणजे नियम) हा मेसेज सध्या नाशिकच्या दूध बाजारापासून वडाळ्यापर्यंत प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. हिरवी चौकट, वर बिस्मिल्लाह, खाली ‘सवाब (पुण्य) की नियत से शेअर करें’. एरवी वाचून सोडून दिला असता. पण यातल्या चौथ्या उसुलापायी माझी भाची आठवडाभर कॉलेजला गेलेली नाही, म्हणून लिहितोय.

पहिला उसूल: रमजानची खबर जो सगळ्यांत आधी देईल, त्याच्यावर जहन्नुम हराम, म्हणजे तो नरकात जाणारच नाही. हदीस म्हणजे प्रेषितांची वचनं; बुखारी आणि मुस्लिम हे त्यांचे सगळ्यांत विश्वासार्ह मानले जाणारे संग्रह. दोन्हींत असली हदीस नाही. रोजे राहिले बाजूला, जन्नत मिळणार बोटाच्या चपळाईवर! ‘माझ्या नावावर जाणूनबुजून खोटं सांगेल त्याने आपली जागा आगीत समजावी’ ही हदीस मात्र दोन्हींत आहे. ती कोणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरा: मदिन्याच्या शेख अहमदचं स्वप्न वीस जणांना पाठवा, नाहीतर नुकसान. हा शेख अहमद आपल्या आजोबांच्या काळात छापील पत्रकातून यायचा. सौदीचे मुफ्ती शेख बिन बाझ १९९९ मध्ये वारले. त्यांनी हे पत्रक खोटं असल्याचं लेखी सांगून ठेवलंय. पुढे.

तिसरा: आलेली आयत, म्हणजे कुरआनचं वचन, डिलीट करणं गुनाह. तिसरे खलीफा हजरत उस्मान यांच्या काळात कुरआनच्या प्रमाण प्रती तयार झाल्यावर बाकीचे लिखित कागद जाळायला सांगितले होते, हे बुखारीत आहे. फोनची मेमरी भरली तर खुशाल डिलीट करा.

आता चौथा. ‘फोटो टाकणाऱ्या मुलींना सगळ्यांसमोर टोका, ही नेकी आहे.’ आमच्या ग्रुपवरच्या एका नेक माणसाने लगेच अंमल केला. भाचीचा गंगापूर धरणावरचा मैत्रिणींसोबतचा फोटो उचलला, कडेला दिसणाऱ्या एका हाताभोवती लाल गोल काढला आणि खाली विचारलं, ‘हा कोण?’ तो हात कणसं भाजणाऱ्याचा आहे, भाऊ. नीट बघितलं असतं तर पंखाही दिसला असता.

कुरआनातला सूरह नूर हा अध्याय उघडा. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा यांच्यावर मदिन्यात आळ घेतला गेला, तेव्हाच्या आयती आहेत. पंधराव्या आयतीत अल्लाह म्हणतो की तुम्ही ती गोष्ट जिभेवर झेलत होतात, ज्याची माहिती नाही ते तोंडाने बोलत होतात, आणि तुम्हाला ते किरकोळ वाटत होतं. अल्लाहच्या लेखी ते फार मोठं होतं. याच सूरहच्या चौथ्या आयतीत, चार साक्षीदार न आणता पाकदामन (शीलवान) बाईवर तोहमत लावणाऱ्याला ऐंशी फटके आहेत, आणि त्याची साक्ष पुढे कधी घ्यायची नाही. ‘मी फक्त विचारलं’ म्हणणाऱ्यांनी बाराव्या आयतीवर थांबावं: ऐकल्याबरोबर चांगला विचार का केला नाहीत, असा सवाल तिथे श्रोत्यांना आहे. आणि नजर खाली ठेवायचा हुकूम तिसाव्या आयतीत आधी पुरुषांना आहे, बायकांना त्यानंतर. लाल गोल काढायला फोटो किती मोठा करून पाहिला असेल, ते तुम्हीच सांगा.

पाचवा, ‘जसा आला तसा पाठवला, पाठवणाऱ्यावर जबाबदारी नाही.’ ऐकलेलं सगळं सांगत सुटणं माणसाला खोटा ठरवायला पुरेसं आहे, ही हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतच आहे. आणि १ जुलै २०१८ विसरलात? मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज सगळ्यांनी जसे आले तसेच पाठवले होते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावातही जमाव काही जणांवर धावून गेला होता. पोलीस मधे पडले म्हणून ते वाचले.

सहावा, रात्री रील्स बघत जागू नका. बरं, हे बरोबर आहे. इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतरच्या गप्पा प्रेषितांना आवडत नसत. पण एवढ्या खऱ्यासाठी बाकीचे पाच गिळायचे नाहीत.

तो फोटो ग्रुपवर अजून आहे. अ‍ॅडमिनसाहेब, आयत डिलीट करायला तुम्ही घाबरता. हा फोटो आयत नाही, काढा. आणि गोल काढणाऱ्याने माफी माझ्या आपाला, भाचीच्या आईला, एकटीला फोन करून मागू नये. गोल सगळ्यांसमोर काढला होता, माफीही तिथेच लिहावी.