सोसायचं किती, आणि शेवटी पिशवीच काढायची?

एकच मजकूर महिन्याभरात चार वेळा माझ्या फोनवर आला. भिशीच्या ग्रुपात, माहेरच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या. आणि चौथ्यांदा माझ्याच एका गिऱ्हाईक बाईंनी पाठवला, खाली हात जोडलेले. थोडक्यात तो असा: ‘पाळीचं दुखणं हा आजार नाही, निसर्ग आहे. आपल्या आज्यांनी कधी गोळी घेतली नाही. पाळीत गोळ्या घेतल्या की गर्भाशय सुकतं आणि मूल होत नाही. सरकारनेच त्या गोळीचा इशारा दिलाय. रक्त जास्त गेलं तर चांगलंच, घाण निघून जाते. लग्न होऊन एक बाळंतपण झालं की दुखणं आपोआप थांबतं. म्हणून कुमारी मुलीला लेडी डॉक्टरकडे नेऊन तिचं नाव खराब करू नका.’

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात माझं औषधांचं लहान दुकान आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेली आहे. पण या मजकुरातल्या प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी आठवड्यातून एकदा माझ्या काउंटरपाशी उभं असतं.

त्यातलं जे खरं आहे ते आधी सांगते. इशारा निघाला होता. ३० नोव्हेंबर २०२३ ला इंडियन फार्माकोपिया कमिशनने, म्हणजे औषधांच्या दर्जावर आणि दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सूचना काढली. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणाऱ्या गोळ्यांत हेच औषध असतं. त्यामुळे ‘ड्रेस’ नावाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, असं त्या सूचनेत होतं: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, कधी लिव्हरसारख्या अवयवांना इजा. ही ॲलर्जी क्वचित होते आणि बहुधा औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत दिसते. कमिशनने गोळीवर बंदी घातली नाही. डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावं, असं काही दिसलं तर कळवावं, एवढंच सांगितलं. गर्भाशय सुकण्याचं त्यात नावही नव्हतं. खऱ्या बातमीच्या शेपटीला कुणीतरी आपली भीती बांधून दिली आणि ती गावोगाव पळत सुटली.

गोळी नेमकं काय करते ते कुणी सांगत नाही म्हणून ही भीती टिकते. पाळी येते तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ती गर्भाशयाच्या स्नायूंना आवळायला लावतात, आवळलेल्या स्नायूंना रक्त कमी पडतं, आणि कळ येते. मळमळ, जुलाब, मांड्या भरून येणं हेसुद्धा बऱ्याचदा त्याच द्रव्यांचं काम. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं ती द्रव्यं तयार होणंच कमी करतात. म्हणून रक्त दिसू लागलं की लगेच, चार घास खाऊन, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन-तीन दिवस गोळी घेतली तर गुण येतो. आमच्या पोरी नेमकं उलट करतात. सकाळपासून सोसतात, दुपारी वर्गातून उठून घरी येतात, संध्याकाळी उलटी झाल्यावर रिकाम्या पोटी एक गोळी गिळतात आणि म्हणतात, ‘काय उपयोग नाही बघा अक्का त्याचा.’

महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या या गोळ्यांनी वांझपण येत नाही. पण त्या निर्धोक आहेत असंही मी म्हणणार नाही. अल्सर असेल, किडनीचा आजार असेल, दुखण्याच्या गोळीने पूर्वी कधी दमा उसळला असेल किंवा पुरळ उठलं असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिड चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. मी चिठ्ठी मागते तेव्हा लोक समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कळ थांबवणाऱ्या गोळीला घाबरणारं घर पाळी पुढे ढकलणारी गोळी बिनदिक्कत मागतं. गावची लक्ष्मी यात्रा आली, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं ठरलं, गणपती जवळ आला की माझ्याकडे रांग लागते. ती गोळी हार्मोनची असते, नोरेथिस्टेरॉनची. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, लिव्हरचा आजार असेल, तर ती धोक्याची आहे. तीसुद्धा चिठ्ठीचीच. पण तिच्याबद्दल ‘प्रत्येक आईला पाठवा’ असा मजकूर मला अजून आलेला नाही. देवासाठी गोळी चालते, पोरीसाठी चालत नाही.

आज्यांची गोष्ट थोडक्यात आटपते. माझ्या आजीला आठ बाळंतपणं झाली, प्रत्येक मूल दीड-दोन वर्षं अंगावर प्यालं. म्हणजे तिला आयुष्यात पाळ्याच माझ्यापेक्षा कितीतरी कमी आल्या. आणि तिला दुखत नव्हतं हे कुणी ठरवलं? ती चार दिवस बाजूला बसायची, तेव्हा कुणी विचारायलाही जवळ जात नव्हतं. शेक, आल्याचा चहा, थोडं चालणं हे तिचे उपाय मात्र मी मोडीत काढत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने दुखणं कमी होतं हे अभ्यासांतूनही दिसलंय. शेकाने भागत असेल तर माझं दुकान बंद असलं तरी चालेल.

‘बाळंतपणानंतर थांबतं’ हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. साधं दुखणं पाळी सुरू झाल्यावर वर्षभरात कधीतरी लागतं, पहिले दोन-तीन दिवस राहतं, आणि वयाने किंवा बाळंतपणानंतर कित्येकींचं उतरतं. पण दुखण्याची दुसरीही जात आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशींचा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, अंडाशयावर, आतड्यांपाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या सुमारे दहा टक्के बायकांना आणि मुलींना हा आजार असतो. यातलं दुखणं वर्षागणिक वाढत जातं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, त्या दिवसांत शौचाला बसताना कळ येते, संबंधाच्या वेळी दुखतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळीच बंद असते म्हणून बरं वाटतं. पाळी परतली की दुखणंही परतू शकतं. शिवाय या आजारात काही जणींना मूल राहायला अडचण येते. म्हणजे मूल होणार नाही या भीतीने ज्या पोरीला डॉक्टरपासून लांब ठेवलं, तिलाच कदाचित डॉक्टरची सगळ्यांत जास्त गरज होती. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हा आजार नाहीच, असंही धरू नये. सुरुवातीला तो तिच्यात दिसेलच असं नाही.

आता बदनामीचं. आयांच्या मनात खरी भीती असते ती आतून तपासतील ही. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते, भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून बसवतात तेवढंच. साध्या दुखण्यावर औषध तर बऱ्याचदा नुसतं विचारून सुरू करतात. बाईचीच डॉक्टर हवी असं सांगता येतं, आईला आत बसू द्या असंही सांगता येतं. किशोरवयीन मुलांमुलींसाठी सरकारी दवाखान्यांत आपल्या राज्यात ‘स्नेह क्लिनिक’ची सोय आहे, पाटी कन्नडमध्ये असते म्हणून आपल्या लोकांचं लक्ष जात नाही.

आणि इथे आपल्या भागाची खास अडचण येते. सीमाप्रश्नावर बोलणारे बरेच आहेत, मी फक्त पोटदुखीवर बोलते. जंगलभागातल्या एका गावची दहावीची मुलगी आईबरोबर एका सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर कन्नड, आईला कन्नड जेमतेम. तिने बाजाराच्या कन्नडमध्ये सांगितलं, ‘होट्टे नोवु.’ पोट दुखतंय. हातात ॲसिडिटीची गोळी मिळाली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मी विचारलं, ‘पाळीत दुखतंय ते सांगितलासा काय?’ आई म्हणाली, ‘तसं कसं सांगायचं वो बाप्या माणसासमोर?’ डॉक्टरचा दोष अर्धा, कारण त्यांनीही विचारलं नाही. पण मराठीतसुद्धा आपण ‘अडचण आली’, ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’ असंच बोलतो. मग डॉक्टरला कोणत्याही भाषेत कळणार कसं? मी त्यांना कागदावर एकच शब्द देवनागरीत लिहून दिला: ‘मुट्टु’. पाळीला कन्नडमध्ये तेच म्हणतात. ‘मुट्टिन होट्टे नोवु’ म्हटलं की विषय संपला. चौथ्या खेपेला योग्य औषध मिळालं.

बेळगावच्या सिव्हिलला जायचं तर जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. धर्मस्थळ, सौंदत्ती, गोकर्ण सगळं त्या फुकट बसने करून झालंय आपल्या बायकांचं. एक खेप ओपीडीची करायला हरकत नसावी.

घाण रक्ताबद्दल: पाळीचं रक्त म्हणजे अंगातलंच रक्त आणि गर्भाशयाचं सुटलेलं अस्तर. त्यात वेगळी घाण नसते, आणि जास्त गेलं म्हणून कुणी शुद्ध होत नाही, पांढरं मात्र पडतं. तासा-दोन तासाला पॅड किंवा कापड भिजतंय, रात्री बदलायला उठावं लागतंय, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडताहेत, सात दिवसांवर चाललंय, तर हे जास्त आहे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. निपाणीत बिडी वळणारी बाई ‘चक्कर येते, शक्तीचं औषध द्या’ म्हणून टॉनिक मागते, पण तिला कुणी विचारत नाही की महिन्याला किती जातं. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर लोहाची गोळी लागेल, आणि ती चहाबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. पहिल्या पाळीपासूनच असं भरमसाट जात असेल तर रक्त गोठण्याचा एखादा आजारही असू शकतो. घरात कुणाला दात काढल्यावर खूप रक्त गेलं होतं का, तेही डॉक्टरला सांगावं.

जाता जाता रजेचं. आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पाळीसाठी वर्षाला बारा पगारी रजा मंजूर केल्या. चांगलं झालं. घरी बसून हजाराच्या हिशोबाने बिड्या वळणारीने रजेचा अर्ज कुणाला द्यायचा, हे मात्र मला कळलेलं नाही.

त्या मजकुरात एक गोष्ट नाही, पण त्याच तोंडांतून ती पुढे ऐकू येते. पंधराव्या वर्षी ‘सोस’ म्हणणारं घर चाळिशीत म्हणतं, ‘पिशवी काढून टाक, कटकट जाईल.’ मधली पंचवीस वर्षं काहीच नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यांवर बीडकडच्या टोळ्या येतात. त्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या समितीने केली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कधी ऑपरेशन खरंच लागतं, ते मी नाकारत नाही. पण रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. ही साध्या तांबीची बहीण, पण गुण उलटा: साध्या तांबीने रक्त वाढू शकतं, हिने कमी होतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर पाळी जाण्याचं वय एकदम येऊन ठेपतं आणि हाडं लवकर झिजतात. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही थांबू नये, कारण तिथे कॅन्सर नाही ना हे आधी बघावं लागतं. तसंच पाळी चुकलेली असताना एकाएकी भयंकर पोटात दुखून चक्कर आली, तर ग्रुपवर विचारत न बसता थेट दवाखाना गाठावा.

मला मजकूर पाठवणाऱ्या बाई परवा दुकानात आल्या. मुलगी बारावीला, दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं. ‘डॉक्टर काय काय विचारतील?’ म्हणाल्या. मी सांगितलं: पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड लागले, कोणत्या दिवशी किती दुखलं, शाळा-कॉलेज किती बुडालं, कोणती गोळी किती वाजता घेतली. तीन महिन्यांचं एवढं लिहून नेलं की निम्मं काम झालं. पण फार दुखत असेल तर तीन महिने थांबूही नका, आहे तेवढं घेऊन जा. त्या म्हणाल्या, ‘लिहायचं कुठे? वही तिचा भाऊ बघतो.’ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रोज दुधाचा आकडा लिहितात, हे मला माहीत होतं. त्याच चौकोनात खाली एक टिंब द्या म्हटलं, जास्त दुखलं तर दोन.