'क्वालिटी' माणसं

सकाळी डबा भरता भरता व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही, म्हणून इथे लिहितेय. आमच्या इथल्या रेडिंगच्या मराठी ग्रुपवर एकाने सेटलमेंटच्या नव्या प्रस्तावाची बातमी टाकली. म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायचा परवाना मिळायला आता पाचाऐवजी दहा वर्षं, आणि केअर वर्करच्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांचं करणाऱ्यांच्या, व्हिसावर आलेल्यांना पंधरा. पण पगार ५०,२७० पौंडांच्या वर असेल तर पाचच, आणि १,२५,१४० च्या वर असेल तर तीनच वर्षं. त्याखाली मेसेज, "चला, आपल्याला काही फरक पडत नाही. आता तरी क्वालिटी माणसं येतील." त्यावर बारा अंगठे. मोजले मी. त्यातले चौघं गणपतीत माझ्या घरी जेवून गेलेत.

क्वालिटी माणसं. कोण ठरवणार रे बाबांनो?

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, वय ८४. आयुष्यभर बस चालवली, बायको गेली, मुलगा स्कॉटलंडमध्ये. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना स्ट्रोक आला, डावी बाजू गेली, तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. दिवसातून चार वेळा केअरर येतात, अर्धा अर्धा तास, त्यातली एक मुलगी आपल्या मिरजेची. नाव घेत नाही, तिला त्रास नको. मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, चार वर्षं वॉर्डात काम केलं, आणि इथे केअररच्या व्हिसावर आली कारण इथे नर्स म्हणून लागायला ज्या परीक्षा द्यायला लागतात त्यांचे पैसे तेव्हा तिच्याकडे नव्हते.

तर आजोबा घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी डोकवायला गेले. म्हातारा माणूस एकटा बसलाय, बाहेर बर्फ, म्हणून प्रेमाने चहा केला आणि कप त्यांच्या तोंडाला लावणार तेवढ्यात ही आत आली, कोट ओला, बूटही काढलेले नाहीत, आणि सरळ माझ्या हातातून कप काढून घेतला. "ताई, थांबा. असा नाही द्यायचा." स्ट्रोकने त्यांची गिळायची ताकद कमी झाली होती, पातळ काही दिलं तर ते फुफ्फुसात जातं, न्यूमोनिया होतो, माणूस जातो. तिने डब्यातली पावडर मापाने घातली, ढवळलं, थांबली, चमचा तिरका करून बघितलं की चहा थेंब थेंब पडतोय की धार लागतेय. मग खुर्ची सरळ केली, त्यांची हनुवटी जराशी खाली घेतली आणि एकेक चमचा देऊन प्रत्येक वेळी गळ्याकडे बघत राहिली, घोट खाली उतरल्याशिवाय पुढचा चमचा नाही. एक कप चहाला पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात त्यांच्याशी बसबद्दल बोलत होती, कुठल्या नंबरची चालवायचात म्हणून.

मी एम.कॉम. आहे. सतरा वर्षं या देशात आहे. आणि मी त्या दिवशी त्या माणसाला चहा पाजून मारलं असतं.

सरकारच्या हिशोबात तिचं काम 'लो स्किल'. स्किल्ड म्हणायला आता पदवीच्या तोडीचं काम पाहिजे आणि साधारण ४१,७०० पौंड पगार पाहिजे. एप्रिल २०२४ पर्यंत हाच आकडा २६,२०० होता, मग एकदम ३८,७००, मग हा. दोन वर्षंही नाहीत मध्ये. एवढ्यात माणसांचं कौशल्य कमी झालं का? का फक्त आकडा सरकला?

आणि पगार कमी का आहे तेही बघा ना जरा. घरी जाऊन म्हाताऱ्यांचं करायचं काम कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, विकत घेते, कौन्सिलच्या हातात सरकारने टाकलेले पैसे अपुरे, मग कौन्सिल कंपनीशी घासाघीस करते, कंपनी त्या पोरीच्या पगारात कात्री लावते, एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ पुष्कळदा हिशोबातसुद्धा धरत नाहीत. म्हणजे पगार कमी ठेवायला लावणारेही तेच, आणि पगार कमी म्हणून तू कमी असं तिला सांगणारेही तेच!

हो, मान्य आहे मला, देश त्यांचा, दार त्यांचं, कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा हक्क त्यांना आहे. सगळ्या जगाला या म्हणता येत नाही हेही कळतं, घरभाडी कुठे गेलीत आणि जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट कशी मिळते हे मलाही दिसतं. पण सरकार, हाक तुम्हीच मारली होती ना? फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना टंचाईच्या यादीत घातलं, जगभरातून माणसं बोलावली. मार्च २०२४ मध्ये म्हणालात, या, पण पोरंबाळं आणू नका. जुलै २०२५ मध्ये म्हणालात, आता बाहेरून येऊच नका. आणि आता आलेल्यांना म्हणताय पंधरा वर्षं थांबा. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. आणि गरज तरी कुठे सरलीय, आजोबा आहेतच की शेजारी.

मी रागात लिहितेय, कळतंय मला. पण ती पोरं न आणायची गोष्ट आहे ना, ती माझ्याच्याने सहन होत नाही.

त्या मिरजेच्या पोरीचा मुलगा ती निघाली तेव्हा चार वर्षांचा होता. आता सहाचा होईल. ती आली जुलै २०२४ मध्ये, म्हणजे नियम बदलल्यावर चार महिन्यांनी. आजीपाशी असतो मिरजेला. मी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, माझ्या वर्गात त्याच वयाची तीस मुलं आहेत, दिवसभर कुणाच्या बुटाची लेस बांध, कुणाचं नाक पूस हेच माझं काम. परवा ती आजोबांकडून निघाली तेव्हा बसला वेळ होता म्हणून माझ्याकडे पाच मिनिटं टेकली, फोनवर व्हिडिओ दाखवला, पोराचा पुढचा दात पडलाय. मला म्हणाली, "ताई, पोरगं आता फोनवर यायचंच म्हणत नाही. आजीच्या मागं लपतंय." आणि लगेच उठली, साडेसातची व्हिजिट होती तिला. मी चकल्या बांधून दिल्या. दुसरं काय देणार मी.

पंधरा वर्षं म्हणजे तो मुलगा एकोणिसाचा होईल.

आणि आपल्या ग्रुपवरच्या बारा अंगठ्यांची मुलं? सगळी इथेच आहेत, पोहायच्या क्लासला जातात. त्यांचा मला आनंदच आहे, माझी पण इथेच वाढली. पण मग १९ सप्टेंबर २०२५ आठवतो का? ट्रम्पने अमेरिकेत नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले तेव्हा याच ग्रुपवर रात्रभर मेसेज चालू होते, कुणाचा भाऊ न्यू जर्सीत, कुणाची मेहुणी टेक्ससला, आणि "माणसाची किंमत पैशात करतात का" असं लिहिणारा तोच, ज्याने आज क्वालिटी माणसं लिहिलं. आपल्यावर आलं की माणसाची किंमत, दुसऱ्यावर आलं की क्वालिटी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणि मी काय होते हो? २००८ ला नवऱ्याच्या मागे डिपेंडंट म्हणून आले. इंग्लिश बोलताना घाम फुटायचा. मला कुणी पगार विचारला असता तर विमानातच परत बसवलं असतं. आज माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, पण उद्या मला लग्न करून बाहेरचा नवरा इथे आणायचा असता तर २९,००० पौंड पगार दाखवायला लागला असता, २०२४ पर्यंत १८,६०० होता तो. माझा पगार त्याच्या आसपासही नाही. म्हणजे या मोजपट्टीत मीही बसत नाही. आणि बारा अंगठ्यांमधल्या निदान सात जणांच्या बायका बसत नाहीत, घरी विचारा.

जून १९४८ ला लंडनजवळच्या टिलबरी बंदराला कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन विंडरश बोट लागली, त्यानंतर दोन आठवड्यांत एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. त्या बोटीवरच्यांना कुणी पगाराची स्लिप मागितली नव्हती, ते ब्रिटिश प्रजा म्हणूनच आले होते. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी बस चालवल्या, वॉर्ड पुसले, पेशंट उचलले. आमचे आजोबाच सांगतात, त्यांना डेपोत गाडी शिकवणारा माणूस जमैकाचा होता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, नाहीतर म्हणाल ताई एकच बाजू बोलते. या व्हिसाचा बाजार मांडला गेला, हे खरं आहे. आपल्याकडच्याच एजंटांनी पोरींकडून लाखो रुपये घेतले, काही ठिकाणी पोहोचल्यावर कामच नव्हतं. पण त्यात शिक्षा कुणाला? कंपनीचं बाहेरून माणसं आणायचं लायसन्स गेलं की त्या पोरीच्या हातात साठ दिवसांचं पत्र. साठ दिवसांत दुसरी कंपनी शोध, नाहीतर घरी जा, कर्ज तसंच. मिरजेच्या पोरीबरोबर राहणाऱ्या एकीचं तसं झालं, दोघी रात्री ड्यूटीवरून आल्या की स्वयंपाकघरात बसून अर्ज भरायच्या. मिळाली तिला नोकरी, पन्नासाव्या की एक्कावन्नाव्या दिवशी.

२०२० मध्ये कोरोनात दर गुरुवारी रात्री आठला आपण सगळे दारात उभं राहून याच लोकांसाठी टाळ्या वाजवत होतो. तिकडे घरचे थाळ्या वाजवत होते. माझ्याकडे फोटो आहेत. सगळे आहात त्यात.

ज्याने मेसेज टाकला त्याचा मला राग आहे पण वैर नाही. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्यानेच गाडी काढली होती, तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त दिसत नाहीये, कारण त्याची आई सोलापूरला आहे आणि तिचं करायलाही कुणीतरी बाई येते, तिचा पगार किती हे त्याने कधी विचारलं नसेल.

म्हणून ग्रुपवर भांडत नाही, इथे उघड सांगते. शनिवारी सकाळी दहाला ये. माझ्याकडे किल्ली आहे, आजोबांना माणसं आली की बरं वाटतं, मी विचारून ठेवते. ती मुलगी दहालाच येते. तिच्यासमोर बसून एक कप चहा कर, ती सांगेल तेवढी पावडर घाल, आणि चमच्याने पाज. पंधरा मिनिटं लागतील.