आदल्या रात्रीचा फॉरवर्ड कसा पाठवावा

मतदान उद्या सकाळी ७ वाजता आहे. मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचाराला बंदी असते, त्यामुळे भोंगे गप्प आहेत. अशा शांततेत लोकशाहीसाठी आपणही काही करावं असं तुम्हाला वाटणारच. यादीत स्वतःचं नाव आहे का ते बघायला जाऊ नका. त्यात मतदार ओळखपत्रावरचा एपिक क्रमांक शोधा, चष्मा शोधा, फार वेळ जातो. त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज पुढे ढकला.

कोणता, हे तुम्हाला ठाऊक आहे. २०१९च्या लोकसभेपासून तो फिरतोय. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९ ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. आणि एखाद्या केंद्रावर टेंडर व्होट १४ टक्क्यांच्या वर गेले की तिथे फेरमतदान.

मेसेज कुणी लिहिला कोण जाणे, पण कारागीर पक्का आहे. दहा टक्के म्हटलं असतं तर कुणीतरी ठोकून दिलंय असं वाटलं असतं. चौदा म्हटलं की कुठल्यातरी समितीने बसून काढलेला आकडा वाटतो. ‘ध’चा ‘मा’ झाला तेव्हाही म्हणे एकच अक्षर बदललं होतं, बाकी पत्र अस्सल होतं. इथेही तेच. १९६१च्या निवडणूक संचालन नियमांत ४९ ए खरोखर आहे. फक्त त्यात मतदान यंत्राची रचना कशी असावी ते लिहिलंय. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट वगैरे. पण तो नियम उघडून बघेल असा माणूस तुमच्या ग्रुपमध्ये असता, तर त्याला लोकांनी केव्हाच काढून टाकलं असतं.

चॅलेंजही खरा आहे, नियम ४९ जे. पण तो मतदाराने मागायचा नसतो, मतदारावर घ्यायचा असतो. पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावर बसलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला, एखादा माणूस तोतया वाटला तर तो दोन रुपये अनामत ठेवून आक्षेप घेतो, आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. म्हणजे मेसेजवर विश्वास ठेवून तुम्ही जो हक्क मागायला जाल, तो मुळात तुम्हाला अडवायचा हक्क आहे. हे मेसेजमध्ये घालू नका, लांबतो.

टेंडर व्होट तर अगदीच खरा आहे. तुमचं मत दुसराच देऊन गेला असेल, तर ओळख पटल्यावर नियम ४९ पी प्रमाणे तुम्हाला यंत्राचं बटण नाही, कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि मोजणीत धरली जात नाही. तिला वाचा फुटते ती प्रकरण न्यायालयात गेलं तरच. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे सी. पी. जोशी विधानसभेला एका मताने हरले, तेव्हा अशाच मतपत्रिकांवरून कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. राहिले १४ टक्के. केंद्रावर अशा मतपत्रिका दिलेल्या असतात वीस. हजार मतांच्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे एकशे चाळीस. उरलेल्या एकशे वीस कुठून आणायच्या, हा प्रश्न मेसेजने मोठ्या मनाने केंद्राध्यक्षांवर सोडला आहे.

आता पाठवण्याची पद्धत. मेसेजवर दुहेरी बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसत असेल, तर तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. एप्रिल २०२० पासून हीच अडचण आहे. त्यावर उतारा सगळ्यांना माहीत आहे: मजकूर कॉपी करायचा आणि नव्याने चिकटवायचा. बाण गेला की मेसेज तुमचा झाला. वर ‘माझ्या मावसभावाने खात्री केली, तो तहसीलमध्ये आहे’ एवढं जोडा. मावसभाऊ तहसीलमध्ये दाखला काढायला गेला असला तरी चालेल.

कुणी शहाणा निवडणूक आयोगाचा खुलासा टाकेल. खऱ्याखोट्याची नोंदवहीच आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये सुरू केली आहे. त्यावर ‘आयोग दुसरं काय म्हणणार?’ असं विचारा. याला उत्तर नसतं. शिवाय केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल खरं काय नि खोटं काय हे सरकारी कक्षानेच ठरवायची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तीही बातमी फेका. ‘सरकारी खुलासा म्हणजे खोटा’ असं निकालात कुठे म्हटलेलं नाही, पण निकाल वाचतो कोण?

यादीतून नावं गळतात, हे मात्र खोटं नाही. म्हणून तर मेसेज चालतो. नमुना क्रमांक ६ भरला तर नाव लागतं, पण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद. म्हणून हा फॉरवर्ड तीन महिने आधी कधीही पाठवू नका. तेव्हा एखाद्याने घाबरून खरोखरच यादी बघितली तर?

सकाळी नाव नसलेले तुमचे काका आधार घेऊन केंद्रावर जातील. समोर केंद्राध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी असतील. आदल्या दिवशीच साहित्य घेऊन आलेले, पहाटे साडेपाचला यंत्र तपासायला पन्नास मतांचं अभिरूप मतदान उरकलेले. काका १४ टक्के म्हणतील. गुरुजी म्हणतील, असं काही नसतं. काका मोबाइल दाखवतील. मागे रांग वाढेल, दोघांचे आवाजही. काका मत न देता घरी येतील आणि तुम्हाला फोन करतील.

लगेच टाइप करा: ‘आपल्या केंद्रावर टेंडर व्होट नाकारला जात आहे, सर्वांना कळवा.’ हा मेसेज तुम्ही स्वतः लिहिलेला असेल. त्यावर एकही बाण नसेल.