ओपन सोर्सबाबतचे केंद्राचे धोरण म्हणजे बंदी नव्हे

‘केंद्र सरकारने 2015 पासून सरकारी कार्यालयांत विकतच्या सॉफ्टवेअरवर बंदी घातली आहे’ असा एक संदेश सध्या फिरत आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागाने मार्च 2015 मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे वाटता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, स्वीकाराचे धोरण जाहीर केले, हे खरे आहे. मात्र त्यात बंदी नसून प्राधान्य आहे. निविदा मागवताना पुरवठादाराने बंदिस्त, म्हणजे मूळ संकेत खुला नसलेल्या, सॉफ्टवेअरबरोबर ओपन सोर्स पर्यायाचाही विचार करावा, आणि तो वगळला असेल तर त्याचे समर्थन द्यावे, अशी अट निविदेतच घालण्यास हे धोरण सांगते; शिवाय एखाद्या विशेष क्षेत्रात असे सॉफ्टवेअर उपलब्ध नसेल, गरज तातडीची असेल किंवा आवश्यक तज्ज्ञता हाताशी नसेल, तर अपवादाची मुभाही ठेवते. राज्यांना ते बंधनकारक नाही. ज्या राज्यांना ते स्वीकारायचे असेल त्यांच्यापुरतेच ते लागू होते.

‘ओपन सोर्स म्हणजे फुकट’ हे त्याच संदेशातील दुसरे विधानही अर्धेच खरे आहे. परवान्याचे शुल्क वाचते; पण जुन्या विदेचे (डेटाचे) स्थलांतर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च उरतोच, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच विसरला जातो. तसेच ‘स्वदेशी’ आणि ‘ओपन सोर्स’ हे शब्द समानार्थी नाहीत. भारतीय कंपनीचे सॉफ्टवेअरही बंदिस्त असू शकते. कसोटी आहे ती मूळ संकेत पाहण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मोकळीक.