डिस्क आधीच्या मालकाची

सर्व्हरवर लिनक्सचं ऑटोमॅटिक इन्स्टॉल म्हणजे यूएसबी खोचायची आणि मिसळ खायला सुटायचं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्याबरोबर अंबड एमआयडीसीत यावं. मशिनने प्रश्न विचारायच्या आधीच सगळी उत्तरं फाइलीत, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, लिहून ठेवावी लागतात. भाषा, टाइमझोन, पासवर्ड, इथवर ठीक. खरी गोम डिस्कमध्ये.

स्क्रिप्टमध्ये डिस्कचं नाव म्हणून नुसतं एसडीए, एसडीबी लिहिणारी माणसं फार आशावादी. ही नावं लिनक्स डिस्क सापडतील तशी वाटतं. पेनड्राइव्ह आधी सापडला की तोच एसडीए! मग स्क्रिप्ट ज्या फांदीवर बसली आहे तीच तोडायला निघते. म्हणून शहाण्याने बाय-आयडी या लिनक्सच्या फोल्डरमधलं नाव द्यावं. त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, मशिन उठो-बसो, तो बदलत नाही. फक्त हा नंबर छापलेला स्टिकर डिस्कच्या नेमक्या न दिसणाऱ्या बाजूला. मोबाइलचा टॉर्च दातात धरून, हा आठ की बी, असं पुटपुटत मी सर्व्हरच्या पोटात डोकं घातलं होतं.

डिस्कांचा पूल, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा, करायचा होता, तो झेडएफएस या फाइलसिस्टिमचा. २००५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ओपनसोलारिसमधून याचा सोर्स खुला केला. चीज उत्तम, पण लग्नाआधीच सगळं ठरवून घेणारी. अ‍ॅशिफ्ट नावाचा आकडा बारा द्यायचा, म्हणजे दोनाचा बारावा घात, ४०९६ बाइटचा सेक्टर (डिस्क एका दमात लिहिते तो तुकडा). काही डिस्क आपला सेक्टर ५१२ चाच असल्याचं बेधडक सांगतात. त्यांचं ऐकलं तर नंतर दुरुस्ती नाही, पूल नव्यानेच बांधा.

एवढं करून एंटर मारला. लाल अक्षरं आली: ही डिस्क 'टँक' नावाच्या पूलमध्ये असावी, जबरदस्ती करायची तर कमांडला एफ जोडा. पूलचं नाव टँक! मॅन्युअलमधल्या उदाहरणांत हेच नाव असतं, म्हणजे आधीच्या माणसाने मॅन्युअल वाचलं होतं.

"काका, ही डिस्क नवी ना?" मी विचारलं.

"नवीच म्हणायची. जुन्या स्टोरेजमधून काढली, पण फॉरमॅट मारलाय."

"कुठला?"

"क्विक."

झेडएफएस आपलं लेबल, म्हणजे डिस्क कुठल्या पूलची याची नोंद, डिस्कवर चार जागी लिहितं, दोन पुढे, दोन मागे. क्विक फॉरमॅट मागच्या टोकापर्यंत जातच नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहून जावं, तसा टँक मागे बसून होता. लेबल पुसणारी झेडपूल लेबलक्लिअर ही कमांड चालवली, तेव्हा कुठे त्याने हक्क सोडला. नुसता एफ देऊन मोकळं होता आलं असतं, पण ऑटोमॅटिक स्क्रिप्टमध्ये एफ कायमचा लिहून ठेवला की चुकीच्या डिस्कवरही ती तितक्याच उत्साहाने चालते.

मिरर उभा राहिला. चार टीबीच्या दोन डिस्क. साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आठ कुठे गेले? इथे चारसुद्धा पुरते दिसत नाहीत."

"एकीवर जे, तेच दुसरीवर."

"मग दुसरी कामाला कधी येणार?"

"पहिली गेल्यावर."

"अहो, मग तेव्हाच घेतली असती की!"