अर्धी गोळी म्हणजे किती? रावेरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर शब्दाला शब्द लागला असता, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मांजराला खाज सुटली तर माणसाची ॲलर्जीची गोळी परस्पर देऊ नका, आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर भाऊ म्हणतात की ही शहरातल्या लोकांची थेरं आहेत. त्यांच्या केळीच्या मळ्यापासून गुरांचा दवाखाना अठरा किलोमीटर, आणि तिथल्या डॉक्टरांना गाई-म्हशींतून सवड नाही, मांजराकडे कोण बघतो? त्यांनी गावातल्या मेडिकलमधून गोळी आणली, अर्धी करून दुधातून दिली आणि मांजर दुसऱ्या दिवशी ठणठणीत. माणसाला चालतं ते मांजराला का नाही, असंही ते विचारतात. शेवटचं वाक्य थेट मला आहे: ‘तुम्ही स्वतः मेडिकलवाले, डोस माहीत असणारच, मग लपवता कशाला?’

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. डोस माहीत होता आणि मी तो मुद्दाम लिहिला नाही. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढं लिहून हात झटकले. रात्री अकराला मांजर कान ओरबाडून रक्त काढत असेल तेव्हा त्या वाक्याचा कोणाला काय उपयोग? तर आता लिहितो. नुसतं सेट्रिझिन, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही, ते मोठ्या, धडधाकट मांजराला पशुवैद्यक साधारण ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा देतात. बाजारातली गोळी १० मिलिग्रॅमची असते. म्हणजे अर्धी. तुमचा हिशोब जुळला.

पण भाऊ, तुम्ही गोळीचं नाव कुठे लिहिलंय? ‘ॲलर्जीची गोळी’ असंच लिहिलंय. माझ्या काउंटरवरही लोक तेच म्हणतात. ‘सर्दीची द्या’, ‘ती पिवळी द्या’, ‘शिंका येतात ती’. आम्ही मेडिकलवाले काय देतो? एकाला नुसतं सेट्रिझिन, दुसऱ्याला लेव्होसेट्रिझिन, तिसऱ्याला त्यातच माँटेलुकास्ट, आणि नाक वाहतंय म्हटलं की चौथ्याला क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल असं तिन्ही एकत्र. लेव्होसेट्रिझिनची गोळी मुळातच ५ मिलिग्रॅमची, तिची अर्धी म्हणजे वेगळाच हिशोब. आणि त्या शेवटच्या तिहेरी गोळीची अर्धी ही मांजराच्या जिवावरची गोष्ट आहे. अर्धी गोळी हे माप नव्हे.

यात आमचाही दोष आहे, तो कबूल करतो. गिऱ्हाईक दोनच गोळ्या मागतं, आम्ही कात्रीने स्ट्रिप कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर कधी नावाची तीन अक्षरं उरतात, कधी नुसती तारीख. मी स्वतः असल्या तुकड्याच्या नादात फसता फसता वाचलोय. आमच्या घरी कळणी नावाची मांजर आहे. कळण्याच्या भाकरीसारखा करडा, ठिपक्याठिपक्यांचा रंग, म्हणून कळणी. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास तिने मानेचे केस खाजवून उडवले. दुकान बंद होतं. घरातल्या डब्यात एक कापलेला तुकडा सापडला, पांढऱ्या दोन गोळ्या. मला वाटलं सेट्रिझिन. चाकू गोळीवर ठेवला आणि थांबलो, कारण गोळी जरा मोठी वाटली. तीस वर्षं गोळ्या हाताळतोय म्हणून एवढं कळलं. सकाळी दुकानात जाऊन पूर्ण स्ट्रिपशी ताडून पाहिली तेव्हा ती पॅरासिटामॉलवाली निघाली.

आता तिचंच गणित करू. अशा गोळीत पॅरासिटामॉल बहुधा ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धीत २५०. कळणीचं वजन साडेतीन किलो. किलोला झाले ७१ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाने एका दमात आठ-नऊ गोळ्या गिळाव्यात तसं. वर मांजराची अडचण अशी, की आपलं यकृत पॅरासिटामॉलला साखरेसारखा एक रेणू चिकटवून ते लघवीवाटे बाहेर काढतं, पण मांजराच्या शरीरात ते काम करणारा जनुक निकामी आहे. सिंह-वाघांचीही तीच गत. पिढ्यान् पिढ्या नुसतं मांस खाऊन जगलेल्या या जातीला झाडपाल्यातली विषं पचवायची गरज पडली नाही, म्हणून ते हत्यार गंजून गेलं असावं असा अंदाज आहे. मग औषध रक्तातच फिरतं, तांबड्या पेशी मोडतात आणि रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. काही तासांत हिरड्या गुलाबीच्या चॉकलेटी किंवा निळसर दिसू लागतात, श्वास वाढतो, तोंड आणि पंजे सुजतात.

सुजतात हे लक्षात ठेवा. तोंड सुजलं की घरच्यांना वाटतं ॲलर्जी वाढली, आणि उरलेली अर्धी गोळीही दिली जाते.

‘माणसाला चालतं ते मांजराला का नाही’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तुमच्या मांजराला काही झालं नाही, त्याअर्थी तुम्हाला नुसतं सेट्रिझिन मिळालं असावं. आणि एका दिवसात बरं वाटलं म्हणता, ते गोळीनेच असं मी छातीठोक म्हणणार नाही. गांधीलमाशी किंवा एखादा किडा चावला असेल तर सूज-खाज दिवसभरात आपोआप उतरते. मांजराच्या खऱ्या, जुनाट ॲलर्जीवर या गोळ्यांचा गुण येतो तो बेताचाच, आणि तो आला की नाही हे ठरवायला दोन आठवडेही लागतात.

पिल्लू, गाभण मांजर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं म्हातारं मांजर असेल तर मात्र वर लिहिलेला डोसही स्वतःच्या मनाने देऊ नका. अठरा किलोमीटरचं म्हणाल तर जायलाच हवं असं नाही. आमच्या अमळनेरच्या दवाखान्यातही बैलं-म्हशींची रांग असते, पण डॉक्टरांना फोन केला, मांजराचं वजन सांगितलं, स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा आणि हिरड्यांचा फोटो पाठवला, तर दोन मिनिटांत हो की नाही ते कळतं. म्हशींचा डॉक्टर म्हणून त्याला मांजर कळत नाही असं नसतं, शिक्षणात दोन्ही असतात. वजनाला किराणा दुकानाचा काटा चालतो. कापडी पिशवीत मांजर, वर नुसतं डोकं बाहेर. कळणीला आम्ही असंच तोललं, दुकानदाराने भावही विचारला.

दुधाबद्दल. मोठ्या मांजरांतल्या बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात, हे एक. दुसरं असं, की मांजराने अर्धी वाटी दूध प्यायलं आणि तोंड फिरवलं, तर औषध किती गेलं? तळाशी बसलेला चुरा तर वाटीतच राहिला. गोळी कडू असते आणि मोडली की कडूपणा उघडा पडतो. क्लोरफेनिरामिन तर फारच कडू. तेही मांजरांना देतात आणि कळणीला आमच्या डॉक्टरांनी आधी तेच दिलं होतं. मी चुरा करून पाण्यात कालवून तोंडात घातला. मिनिटभरात तोंडाला फेस, लाळेच्या तारा, आणि ती मागे मागे सरकत पलंगाखाली. आई ओरडली, ‘माय व, हिले काय व्हयनं!’ तिला वाटलं मांजर पिसाळलं. काही नव्हतं, नुसता कडूपणा, दहा मिनिटांत थांबला. पण नंतर चार दिवस कळणी माझ्या हाताला येईना.

लहान मुलांचं गोड सिरप द्यावं तर मांजराला गोड चवच कळत नाही, त्यामुळे साखरेचा मोह दाखवून उपयोग नाही. शिवाय काही सिरपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, ते मांजराच्या तांबड्या पेशींना बाधतं. अमेरिकेत मांजराच्या खाण्यात ते घालायला १९९६ मध्येच बंदी आली. सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉलही असू शकतं, ते वेगळंच.

त्यापेक्षा गोळीचा तुकडा अख्खा घशात गेलेला बरा. आम्ही करतो ते असं. मी जमिनीवर मांडी घालून बसतो, कळणीला पंच्यात गुंडाळून, पाठ माझ्याकडे आणि तोंड भिंतीकडे करून धरतो. समोरून गेलं की मांजर मागे पळतं, मागून धरलं की पळायला जागा नसते. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट तिच्या गालांच्या हाडांवर, मिशांच्या मागे. डोकं वर केलं, नाक छताकडे झालं, की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात हलके दाबायचे आणि गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर टाकायची. जिभेच्या टोकावर पडली तर ती थुंकणारच. तोंड मिटायचं, गळ्यावरून हात फिरवायचा. तिने नाक चाटलं की समजायचं गिळली.

इथे बहुतेक जण उठतात. उठू नका. मांजराची अन्ननलिका कोरडी गोळी मधेच धरून ठेवते. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं तिथे अडकली तर जखम होऊन नळी आक्रसते आणि मग मांजराला घास गिळता येत नाही. म्हणून बिनसुईच्या सिरिंजने पाच मिली पाणी, सुळ्याच्या मागच्या फटीतून, थेंब थेंब. पाणी देताना डोकं वर धरायचं नाही, ठसका लागतो. पाण्याऐवजी लगेच थोडं उकडलेलं चिकन खायला दिलं तरी चालतं. गोळीला बाहेरून बोटभर तूप चोळलं तर ती सरकते, पण सिरिंजने तेल किंवा तूप तोंडात सोडू नका, ते फुप्फुसात उतरलं तर निमोनिया होतो. आणि शेवभाजीच्या रश्शात गोळी लपवायची युक्ती एका गिऱ्हाइकाने सांगितली होती, तीही नको. कांदा आणि लसूण मांजराचं रक्त मोडतात.

आता तुमच्या प्रतिक्रियेत ओझरतं आलेलं वाक्य, ज्याने माझी झोप उडाली: ‘खाज थांबली नसती तर म्हशीचं गोचिडाचं औषध लावणारच होतो.’ भाऊ, त्या बाटलीला हात लावू नका. त्यात बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, तेही त्याच कुळातलं. म्हशीला काही होत नाही, मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला ते थेंब लावले असतील तर वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपूही देऊ नका. डांबर गोळ्या, कापूर, रॉकेल आणि डोकेदुखीचा बाम यांचाही प्रयोग नको.

खाज कशाची हे बघायचं सोपं साधन बाजारात स्वस्तात मिळतं, उवांची फणी. शेपटीच्या मुळापासून पाठीवर चारदा फिरवा. फणीत काळे, मिरपुडीसारखे कण आले तर ते ओल्या कापसावर झटका. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. कणाभोवती तांबूस वर्तुळ उमटलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. मांजराच्या खाजेचं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि एखाद्याला पिसूच्या लाळेचीच ॲलर्जी असते, दोन-चार चावे पुरतात. मे महिन्याच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात उघड्यावर पिसवांच्या अळ्या तगत नाहीत, पण केळीच्या मळ्यात बारमाही ओल आणि सावली. अंडी मांजराच्या अंगावर थांबत नाहीत, गोणपाटावर, गोठ्याच्या कोपऱ्यात गळतात. तिथला केर काढून, गोणपाट कडक उन्हात टाकून, मांजरासाठीचं पिसवांचं औषध डॉक्टरांकडून लावून घेतलं तर सेट्रिझिनची गरजही पडणार नाही. कळणीचं शेवटी तसंच निघालं.

आणि गोल, केस गेलेला, खवल्यांचा चट्टा असेल, घरातल्या पोरांच्या हातावरही तसलाच उठला असेल, तर तो नायटा. तिथे ॲलर्जीचं काही देऊन उपयोग नाही.

तोंड उघडं टाकून धापा टाकणारं, हिरड्या चॉकलेटी, निळ्या किंवा पांढऱ्याफटक झालेलं, थरथरणारं मांजर असेल तर फणी नको, फोटो नको, अठरा काय पन्नास किलोमीटर असले तरी गाडी काढा, आणि जे दिलं असेल त्याची स्ट्रिप खिशात घ्या. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

मागच्या लेखात डोसचा आणि स्ट्रिपचा भाग आज घातला आहे, ‘एका वाचकाने कान पिळल्यावर’ असं लिहून. त्या गोळीचा उरलेला अर्धा तुकडा अजून घरात असेलच. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते इथेच खाली कळवा, आणि कापसावर रंग उमटला का तेही.